कुसुमच्या शेवया, भानुदासचा पिकअप आणि मोठा डायनामो

शिवणयंत्राखाली कतरण कशी साठते ते शिवणाऱ्या बाईलाच माहीत. सकाळी झाडून काढावं, दुपारी पुन्हा ढीग! आपण तर एकच ब्लाऊज शिवला, मग हे एवढं आलं कुठून? गल्लीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही. फक्त माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकी रस्त्यावर आहे. आता समोर काही घडलं तर मी काय डोळे मिटून काजं करू?

अंबडला आमच्या घरासमोर भानुदास राहतो. त्याच्याकडे एक जुना पिकअप. बायको कुसुम, आणि वडील तात्या, ज्यांनी जन्मभर मेंढरं वळली आणि आता गुडघ्यांपायी ओट्यावर बसून गल्ली वळतात. कोपऱ्यावर रफिकभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. झाली माणसं! पण एवढ्याच माणसांनी गेल्या उन्हाळ्यात मला इतकं शिकवलं, की सातवीनंतर शाळा न पाहिलेली मी आज सांगू शकते, कुठल्या गाडीला किती अँपिअरचा डायनामो लागतो. रफिकभाई पावतीवर त्याला अल्टरनेटर लिहितात. बोलताना तेही डायनामोच म्हणतात.

* * *

पिकअप किल्लीनं चालू होतो, हे मला कित्येक दिवस माहीतच नव्हतं.

आमच्या गल्लीला उतार आहे. भानुदास गाडी उताराच्या तोंडाशी लावायचा, चाकाखाली दगड. सकाळी साडेसहाला हाक यायची, "या होऽऽ!" की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून माणसं बाहेर. कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या एका गालाला फेस. आमचे मिस्टर सगळ्यात पुढे.

मिस्टरांना साखरेचा त्रास. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि खूश झाले. "साखर चांगली उतरलीय! व्यायाम काय करता?"

"पिकअप ढकलतो."

"म्हणजे जिममध्ये?"

"न्हाई, दारात. दोन वर्षं झाली."

डॉक्टर म्हणाले, "हे अजिबात बंद करू नका!"

यांनी घरीसुद्धा न येता थेट समोरचा ओटा गाठला. "भानुदास, डॉक्टरांनी सक्त सांगितलंय. गाडी दुरुस्त करायची न्हाई!"

* * *

पिकअपवर शेवयांचं मशीन बसवायची कल्पना कुसुमची.

उन्हाळ्यात खेड्यांतल्या बाया पीठ मळून बसतात आणि लाईट जाते. दुपारभर येत नाही. कुसुम म्हणाली, "मशीन त्यांच्या दारात नेऊ, लाईट पण आपली नेऊ!" सीटमागं इन्व्हर्टर, हौद्यात मशीन, वर ताडपत्रीची सावली. पहिल्याच साली तिचं नाव झालं. भानुदासला कुणी ओळखेना, पण "पिकअपवाली आली का?" म्हणून गावोगाव विचारायचे.

एकच अडचण. जुना डायनामो मशीनपुरतीच कशीबशी वीज द्यायचा. त्यात आणखी काही लावलं, की इन्व्हर्टर मांजरासारखा ओरडायचा आणि मशीन बंद! आणि भानुदासला सवय अशी, की ओळखीचा ड्रायव्हर दिसला की हॉर्न. तो एसटीला हॉर्न द्यायचा, इकडे शेवया तुटायच्या.

चार वेळा सांगून झालं. पाचव्या वेळी कुसुमनं हॉर्नचं बटणच काढलं आणि पदराच्या गाठीत बांधून टाकलं.

मग भानुदास गल्लीपासूनच खिडकीतून अर्धा बाहेर वाकून रस्त्यावरच्या लोकांना ओरडायचा, "हैऽऽ! सरका! बाजू!"

ओट्यावरचे तात्या ऐकत होते. म्हणाले, "आता कुठं गाडी नीट हाकायला लागला!"

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण याच्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

घनसावंगीकडच्या एका वाडीवर चार दिवसांवर लग्न होतं. नवरीकडच्या सात जणी पिठाच्या पराती घेऊन बसलेल्या. दुसऱ्याच परातीला इन्व्हर्टर ओरडला आणि गप्प झाला. बॅटरी पार बसली. ढकलून गाडी सुरू झाली, पण मशीन काही फिरेना. मळलेलं पीठ सुकायला लागलं. कुसुमनं हात धुतले, खाली बसली आणि दिवस मावळेपर्यंत शेवया हातावर वळून दिल्या.

घरी आल्यावर भानुदास ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बस झालं! हसनाबादचे पावणे गाडी मागून राह्यले. रविवारच्या पुढच्या रविवारी येणार हायत. इकून टाकतो. नवी गाडी घेतो, मोसंबी वाहतो. अन् नव्या गाडीत पीठ सांडायचं न्हाई, आताच सांगतो!"

म्हणजे गाडी गेली की मशीनही गेलं.

मी साखर मागायचं निमित्त करून तिच्या स्वयंपाकघरात गेले. कुसुम चुलीपुढं नुसतीच बसलेली.

"त्या बाया फार बोलल्या का गं?"

"काहीच बोलल्या न्हाईत, आक्का," ती म्हणाली. "बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुम स्वतःच रफिकभाईंकडे गेली. मीही गेले. मला दोरा आणायचाच होता. दोऱ्याचं दुकान दुसऱ्या टोकाला आहे, ही गोष्ट वेगळी.

भानुदासही पाठोपाठ आला. त्याचं म्हणणं बॅटरीच खराब निघते. एकाच वर्षात त्यानं दोनदा बॅटरी बदलली होती, दुसऱ्या खेपेला पहिलीपेक्षा मोठी.

रफिकभाईंनी मीटर लावलं, इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "भानुदासभाऊ, शेतात हौद हाय?"

"हाय की."

"हौद रिकामा राहतो म्हणून तुम्ही मोठा हौद बांधला. तो पण रिकामा राह्यला. मंग अजून मोठा बांधला. विहिरीत वाकून कधी बघितलं?"

भानुदासनं बॅटरीवर थाप मारली.

"बॅटरी म्हणजे हौद. डायनामो म्हणजे विहीर. तुमची विहीर पस्तीस अँपिअरची. भाभीचं मशीन एकटंच तेवढं पिऊन टाकतं. वर दिवे, पंखा, गाणी, अन् तुमचा हॉर्न! नव्वदचा डायनामो बसवा, बिलकुल बॅटरीला हात लावायची गरज न्हाई."

कुसुम म्हणाली, "बसवा."

भानुदास म्हणाला, "अगं, पण इकायचीय ना गाडी!"

"इकायच्या म्हशीला पेंड घालत्यातच की!" कुसुम म्हणाली.

रफिकभाईंनी पाना उचलला. ग्राहकाचा एवढा चांगला होकार त्यांनी आजवर ऐकला नसावा!

* * *

मोठा डायनामो जुन्या जागेवर बसतो थोडाच! पट्टी कापून नवी वेल्डिंग करावी लागली. तारसुद्धा बदलली. भानुदासला जुनीच तार ठेवायची होती, तर रफिकभाई म्हणाले, "एवढं पाणी त्या नळीतून सोडलं तर नळी पेटंल!" अंगठ्याएवढी जाड लाल तार आली.

मग पुल्या एका रेषेत येईनात. पुली जरा तिरपी राहिली की पट्टा खाते. रफिकभाई एक डोळा मिटून बघत, ठोकत, पुन्हा बघत. दुपार टळली.

तात्या काठी टेकत आले. कंबरेची लोकरीची दोरी सोडली. हातानं कातलेली, मेंढरांमागं फिरताना वळलेली. एक टोक इंजिनच्या पुलीला लावायला सांगितलं, दुसरं स्वतः डायनामोच्या पुलीवर ताणून धरलं आणि म्हणाले, "हिकडून कानभर फट हाय. आत घे."

"कानभर म्हणजे किती, चाचा?"

"कोकराच्या कानाएवढी."

रफिकभाईंनी आत घेतलं. पुन्हा दोरी ताणली. दोन्ही पुल्यांना दोरी सपाट बसली!

रफिकभाईंनी दोरी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "चाचा, ही मला द्या. असलं मीटर कुठली कंपनी देत न्हाई."

तात्यांनी दोरी परत कंबरेला बांधली. "धोतर कोण धरील मंग? तू?"

* * *

नवा डायनामो बसला. आता त्याची पूजा नको?

कुसुमनं आरती आणली. हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायचा मान तात्यांचा. सगळे चाकाजवळ फोडतात. पण तात्या म्हणाले, "चाक जुनंच हाय. जे नवं आलंय त्याच्यापुढं फोडायचा!" बॉनेट उघडंच होतं. त्यांनी लोखंडी पट्टीवर नारळ आपटला. पहिल्याच फटक्यात दोन भकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भानुदासनं गाडी सुरू केली आणि असा काही चीत्कार उठला म्हणता! गल्लीतली कुत्री एका सुरात ओरडायला लागली. माझ्या हातून सुई पडली. गाडी बाजारापर्यंत जाऊन आली, आवाज तोच.

भानुदासचा चेहरा बघण्यासारखा. "म्हणालो न्हवतो मी? नवा बी खराब!"

रफिकभाई जेवण टाकून धावत आले. बेअरिंग बघितलं, नट बघितले, सगळं बराबर. मग पट्ट्यावरून बोट फिरवलं. बोट हुंगलं. चाटून बघितलं! आणि सावकाश तात्यांकडं वळले.

"चाचा, पाणी लई गोड निघालं नारळाचं."

पट्टा पुसला, आवाज गेला. त्या दिवसापासून रफिकभाईंच्या दुकानात पाटी लागली आहे: "नारळ फक्त चाकापुढे फोडावा."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भानुदासनं किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. एका झटक्यात!

गल्लीतली चार माणसं दारात उभी, तोंडात ब्रश. आमच्या मिस्टरांनी तर बाह्या वर सरकवलेल्या. गाडी समोरून निघून गेली. कुणाला काय करावं सुचेना.

"चला," मिस्टर म्हणाले, "सवय मोडायला नको." आणि चौघांनी मिळून शेजारच्यांची चांगली चालू होणारी जीप कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. आत मालक बसलेला होता. तो बिचारा "अहो, चालू हाय! चालू हाय!" म्हणून ओरडत होता.

* * *

पण मोठ्या डायनामोचीही एक मागणी असते. गाडी उभी असताना इंजिन अगदी हळू फिरतं, तेव्हा तो पुरेशी वीज देत नाही. जरा ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागतो. रफिकभाईंनी इंजिनचा वेगच थोडा वाढवून दिला, तर गाडी चालवताना घोड्यासारखी उधळायला लागली. परत कमी केला.

त्यांनी मशीनशेजारी व्होल्ट दाखवणारं लहानसं मीटर बसवून दिलं. "भाभी, आकडा चौदाच्या आसपास ठेवा. तेराच्या खाली आला की पुढं हाक मारा."

आता पॅडल दाबून कोण धरणार? मी सुचवलं, वरवंटा ठेवा. माझा वरवंटा ठेवला, हलका पडला. कुसुमचा ठेवला, इंजिन किंचाळायला लागलं. मग गल्लीतल्या सगळ्या घरांतून वरवंटे आले. ओट्यावर ओळीनं मांडले. एक बराबर बसला, पण इंजिनच्या थरथरीनं घरंगळून ब्रेकखाली गेला.

शेवटी भानुदासचाच पाय. कुसुम मागं बसून शेवया पाडायची, हा पुढं बसून पॅडल दाबायचा. सहा दिवस, सहा गावं, मशीन एकदाही बंद पडलं नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर पाय चोळत बसला होता.

कुसुम हळूच म्हणाली, "त्या हसनाबादच्या पावण्यांना येऊ नका म्हणून फोन करता का? आता चालून राह्यलं की सगळं."

"गाडीचं चालून राह्यलं," भानुदास म्हणाला. "माझं न्हाई! मेंढरू तरी दावणीला फिरतं जरा. मी ड्रायव्हर हाय का खुंटा? शब्द दिलाय. येऊ दे पावण्यांना."

कुसुम उठून आत गेली. मी त्या वेळी दारात रांगोळी काढत होते. संध्याकाळची. म्हणजे काढतात कधीकधी.

* * *

रविवारी कुंभार पिंपळगावजवळच्या एका वस्तीचं बोलावणं होतं. मीही माझं पीठ घेऊन गाडीत बसले. शेवया घरी करता आल्या असत्या. पण पावणे तिथंच गाडी बघायला येणार, हे मला कळलं होतं. मग घरी माझं मन लागलं असतं का, तुम्हीच सांगा!

लिंबाखाली गाडी लावली. पंधरा-सोळा बाया, प्रत्येकीची परात, वर ओलं फडकं. त्यांत दोघींच्या घरी लग्न. लाईट सकाळीच गेलेली. कुसुमनं मशीन सुरू केलं. कुणाशी बोलेना. हात चालू, डोळे मीटरवर. मला कळत होतं, ती प्रत्येक परात शेवटची असल्यासारखी काढत होती.

दहाच्या सुमाराला पावणे मोटारसायकलवर आले. उत्तमराव नाव. भारदस्त माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. टायरला लाथ मारून बघितली. खाली वाकून बघितलं. म्हणाले, "इंजिन ऐकायचंय. जरा मी बसून बघू का?"

"बसा की!" भानुदास इतक्या आनंदानं खाली उतरला, की मला वाटलं आता पाया पडतो.

उत्तमराव बसले. पॅडल दाबलं. आधी कमी, मग जास्त, मग जरा सोडलं.

मागून कुसुमचा आवाज आला, "बस! तितंच! तितंच धरा!"

मीटरवर चौदा. हलेना की डुलेना! भानुदासच्या पायाखाली आकडा वरखाली व्हायचा. उत्तमरावांचा पाय म्हणजे जणू पाटावर ठेवलेला तांब्या. शेवया अशा एकसारख्या उतरायला लागल्या, की बाया बघतच राहिल्या.

उत्तमरावांना वाटलं, तपासणीची हीच पद्धत असेल. त्यांनी धरून ठेवलं. भानुदास लिंबामागं गेला, "एक मिनिट पाय मोकळे करतो," म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला. सहा दिवसांचा शिणलेला माणूस, लगेच घोरायला लागला!

दहा मिनिटांनी उत्तमराव म्हणाले, "भानुदासराव, झालं बघून!"

"पावणं, पाय काढू नका!" एक बाई ओरडली. "माझं पीठ मधी हाय!"

"बरं, तुमचं होऊ द्या."

तिचं झालं. दुसरी पुढं आली. "माझ्या पोरीचं लग्न हाय हो भाऊ, पीठ सुकंल!" आता लग्नघरच्या बाईला नाही कोण म्हणेल? मग तिसरी. मग चौथी. चौथी म्हणाली, "तिचं केलं, माझंच काय वाकडं हाय?"

उत्तमरावांना खिडकीतून चहा आला. बाराला भाकरी आणि ठेचा आला. एक म्हातारी बाजूला उभी राहून सुपानं वारा घालत होती. "कुठलं गाव? हसनाबादला कुणाचे तुम्ही?" असं विचारत तिनं नातंच जुळवलं, तिच्या नणंदेच्या गावातले निघाले. मी दोनदा भानुदासला उठवायला गेले. खोटं कशाला बोलू, एकदाही हलवलं नाही.

दुपारी दोनच्या पुढं शेवटची परात झाली. सगळ्या वस्तीच्या खाटांवर, साड्यांवर, दोऱ्यांवर शेवया पसरलेल्या. मशीन एकदाही थांबलं नाही. कुसुमनं बटण बंद केलं तेव्हा एवढी शांतता झाली, की भानुदास त्या शांततेनंच जागा झाला.

उत्तमराव खाली उतरले. उजवा पाय जमिनीला लागेचना. मुंग्या आलेल्या. म्हातारीनं हात धरला. तसेच लंगडत लंगडत ते लिंबाखाली आले.

भानुदास डोळे चोळत म्हणाला, "मंग पावणं, कशी वाटली गाडी?"

"गाडी एकदम बराबर हाय," उत्तमराव म्हणाले आणि पुढं काही बोलणार, तेवढ्यात कुसुम आली. पदराला हात पुसले. हातात एका बाईनं शिजवून दिलेल्या दूध-गुळाच्या शेवयांची ताटली, अजून वाफ येत होती. ती भानुदासकडं वळलीसुद्धा नाही. ताटली उत्तमरावांपुढं ठेवली आणि जेवायला बसलेल्या भावाला विचारावं तशा आवाजात म्हणाली,

"भाऊ, उद्या शेजारच्या तांड्यावर जायचंय. सकाळी किती वाजता येताल?"

सगळ्या बायांच्या माना पावण्यांकडं वळल्या.

उत्तमरावांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. ताटली खाली ठेवून पाय चोळला. भानुदासकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, त्या पसरलेल्या शेवयांकडं बघितलं. मग कुसुमला म्हणाले,

"सातला येतो. पण ताई, उद्या डाव्या पायानं दाबलं तर चालंल का?"